यादीत भर घातली, पण मूळ यादीचं काय झालं?

जावास्क्रिप्टमध्ये ॲरेत नवीन घटक कसा घालायचा, हे शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातलं उत्तर मिळेल. शेवटी घालायचा असेल तर पुश, सुरुवातीला घालायचा असेल तर अनशिफ्ट, मधे घुसवायचा असेल तर स्प्लाइस, दोन ॲरे जोडायचे असतील तर कॉन्कॅट, आणि नव्या पद्धतीनं लिहायचं असेल तर तीन टिंबांचं स्प्रेड. प्रत्येकाचं दोन ओळींचं उदाहरण, खाली कोणतं जलद चालतं याचा एखादा तक्ता, संपलं.

या उत्तरात चुकीचं काही नाही. पण ते ‘घटक कुठे बसतो’ या प्रश्नावर रचलेलं आहे. संशोधनासाठी कोड लिहिणाऱ्यानं त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: घटक घातल्यावर मूळ यादी तशीच राहते की बदलते? आणि बदलत असेल, तर ती यादी आणखी कोण वापरतंय? माझी टीका अशी आहे की भाषेनं दिलेली नावं हे सांगत नाहीत, ट्युटोरियल सांगत नाहीत, आणि त्यावर उपाय म्हणून जो नियम सध्या पाठ करून घेतला जातो तो अर्धाच आहे. याची किंमत वेबसाइट बनवणाऱ्यापेक्षा प्रबंध लिहिणाऱ्याला जास्त मोजावी लागते.

‘आम्ही सायन्सवाले, आम्हाला जावास्क्रिप्टचं काय?’ असं वाटत असेल तर जरा थांबा. रिमोट सेन्सिंग, भूगोल, परिसंस्था, शेती किंवा पाणी यांवर काम करणार असाल तर गुगल अर्थ इंजिनच्या कोड एडिटरशी कधी ना कधी गाठ पडेल, आणि तिथली भाषा जावास्क्रिप्टच आहे. मानसशास्त्रात ब्राउझरमध्ये चालणारे प्रयोग जेएस-साइकसारख्या लायब्ररीवर लिहिले जातात. आलेखांसाठी डी-थ्री वापरतात. म्हणजे तुमच्या प्रबंधातला एखादा तक्ता किंवा नकाशा या भाषेतून जाण्याची शक्यता चांगलीच आहे.

एक खुलासा: खाली कोडमधले शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये मेथडची नावं अर्थातच रोमन लिपीत लिहायची. व्हेरिएबलचं नाव मात्र देवनागरीत दिलं तरी जावास्क्रिप्टला चालतं. ‘नोंदी’ हे नाव तिथे पूर्ण वैध आहे.

पुश काय करतं, आणि परत काय देतं

समजा ‘नोंदी’ या ॲरेत दोन तापमानं आहेत, २८ आणि ३०. आपण नोंदी.पुश(३२) असं लिहिलं की त्याच ॲरेच्या शेवटी ३२ जाऊन बसतं. मूळ ॲरे बदलला. आता ही मेथड परत काय देते? बदललेला ॲरेही देत नाही आणि घातलेला घटकही देत नाही. ती नवी लांबी देते, म्हणजे इथे ३. त्यामुळे कोणी नोंदी = नोंदी.पुश(३२) असं लिहिलं तर ‘नोंदी’ या नावाखाली ॲरे उरतच नाही, नुसता ३ हा आकडा उरतो. पुढच्या वेळी पुश करायला गेलं की एरर येते. एरर येते हे नशीबच म्हणायचं. जिथे ती येत नाही अशा जागा पुढे बघू.

आता शेजारच्या मेथड बघा. अनशिफ्टही मूळ ॲरे बदलतं आणि लांबी परत देतं. स्प्लाइस मूळ ॲरे बदलतं, पण परत देतं ते काढून टाकलेल्या घटकांचा ॲरे. काही काढलंच नसेल तर रिकामा ॲरे. कॉन्कॅट मूळ ॲरेला हात लावत नाही, नवा ॲरे परत देतं. म्हणजे नुसतं नोंदी.कॉन्कॅट(३२) लिहून पुढे गेलात तर नोंदी जशाच्या तशा राहतात, आणि एररही येत नाही. चार मेथड, तीन प्रकारची उत्तरं, आणि नावावरून यातलं काहीही ओळखता येत नाही. कळस म्हणजे स्लाइस आणि स्प्लाइस. पहिली मेथड तुकड्याची प्रत काढते, दुसरी मूळ ॲरे कापते. दोघींमध्ये फरक एका ‘प’चा.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये १९९५ च्या मे महिन्यात सुमारे दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. पुश वगैरे मेथड नंतर, जावास्क्रिप्ट १.२ मध्ये आल्या, आणि त्यांच्यामागे पर्ल या भाषेचा नमुना होता. गंमत म्हणजे त्या आवृत्तीत पुश शेवटी घातलेला घटक परत देत असे. १.३ मध्ये ते बदललं आणि पुश नवी लांबी देऊ लागलं. १९९९ मध्ये एक्मास्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत तेच प्रमाण ठरलं आणि आजवर टिकलं.

आता ते बदलता येणार नाही, कारण त्यावर उभी असलेली जुनी पानं मोडतील. २०१८ मध्ये याचं एक उदाहरण सगळ्यांनी पाहिलं. ॲरेसाठी ‘फ्लॅटन’ नावाची नवी मेथड येणार होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीनं तेच नाव आधी वापरलेलं असल्यामुळे काही जुनी संकेतस्थळं मोडू लागली. बराच वाद झाला आणि शेवटी मेथडचं नाव ‘फ्लॅट’ ठेवावं लागलं. म्हणजे या भाषेत जे एकदा रुजलं ते रुजलं. दोष भाषेचा असला तरी सांभाळायचं आपल्यालाच आहे.

अर्थ इंजिनमधलं ‘ॲड’

सायन्सच्या विद्यार्थ्याला हा गोंधळ सगळ्यात जवळून भेटतो तो अर्थ इंजिनमध्ये. तिथे एकाच स्क्रिप्टमध्ये दोन जगं असतात. एक तुमच्या ब्राउझरमध्ये चालणारं साधं जावास्क्रिप्ट, आणि दुसरं गुगलच्या सर्व्हरवर होणारं गणित. साधा ॲरे पहिल्या जगातला, ईई.लिस्ट दुसऱ्या जगातली. ईई.लिस्टमध्ये भर घालायला ‘ॲड’ ही मेथड आहे. यादी.ॲड(५) असं लिहिलं की मूळ यादी बदलत नाही, भर घातलेली नवी यादी परत मिळते. म्हणून यादी = यादी.ॲड(५) असं लिहावं लागतं.

पुशच्या हे बरोबर उलट आहे. पुशमध्ये परत आलेली गोष्ट मूळ नावात साठवली तर घात, ॲडमध्ये साठवली नाही तर घात. आणि हे दोन्ही शेजारशेजारच्या ओळींत येऊ शकतात.

याचा परिणाम कसा दिसतो? समजा यादीची सुरुवात २०१५ च्या पावसाच्या आकड्यानं केली आणि लूप चालवून २०१६ ते २०२० चे आकडे ॲड केले, पण परत आलेली यादी साठवली नाही. शेवटी सरासरी काढली. एरर नाही, इशारा नाही, आणि आकडाही अगदी पावसाचा वाटावा असाच येतो. फक्त तो एकट्या २०१५ चा आहे. तक्त्यात वर शीर्षक मात्र ‘२०१५ ते २०२०ची सरासरी’.

इथे एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. सर्व्हरकडच्या वस्तू न बदलणाऱ्या ठेवल्या, हे बरोबरच आहे. तुमची स्क्रिप्ट तिथे गणित करत नसते, कोणतं गणित करायचं त्याचं वर्णन तयार करत असते. वर्णनाचा एक भाग मागे जाऊन बदलू दिला तर सगळाच हिशेब विस्कटेल. माझी हरकत वागण्याला नाही, शब्दाला आहे. कारण त्याच कोड एडिटरमध्ये यूआय.पॅनललाही ‘ॲड’ आहे, आणि तिथे पॅनल जागच्या जागी बदलतो, काही साठवावं लागत नाही. ईई.इमेजलाही ‘ॲड’ आहे, पण तिथे त्याचा अर्थ बेरीज: एका चित्रातल्या पिक्सेलच्या किमतीत दुसऱ्याच्या मिळवायच्या. ईई.ॲरेच्या ‘ॲड’चा अर्थही बेरीजच. म्हणजे लिस्टला ॲड केलं की ती एका घटकानं लांब होते, ॲरेला ॲड केलं की त्यातले आकडे वाढतात, आणि पॅनलला ॲड केलं की पॅनलच बदलतो. एका शब्दावर तीन कामं. मराठीत आपण यांना ‘जोडणं’, ‘मिळवणं’ आणि ‘बसवणं’ असे वेगळे शब्द सहज वापरले असते.

गप्प बसून बिघडणारे आकडे

आता साध्या जावास्क्रिप्टमधल्या चार जागा. चारही अशा की कोड चालतो, आकडा येतो, आणि तो चुकीचा असतो.

पहिली जागा, जोडीचं सुटणं. तुमची प्रत्येक नोंद म्हणजे एक जोडी आहे: वेळ आणि तापमान. नोंदी.पुश([९, २८]) लिहिलं तर ही जोडी एक घटक म्हणून आत जाते. पण कोणाचं तरी ऐकून पुशऐवजी कॉन्कॅट वापरलं आणि कंसात तेच ठेवलं, तर कॉन्कॅट बाहेरचा कंस सोडवतं आणि ९ व २८ हे दोन सुटे घटक जोडतं. जोडी शाबूत ठेवायची असेल तर कंसाच्या आत आणखी एक कंस लागतो. लांबीवरून नोंदींची संख्या मोजत असाल तर ती नव्या नोंदींपुरती दुप्पट झालेली असेल.

दुसरी जागा, मधली भोकं. समजा ०, १ आणि २ क्रमांकांच्या केंद्रांची तापमानं अनुक्रमे २८, ३० आणि ३२ आहेत. आता केंद्र क्रमांक ९ चं ३० आलं, आणि ते नोंदी[९] = ३० असं थेट लिहिलं. जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. मधल्या सहा जागा रिकाम्या ठेवून ॲरेची लांबी १० करतं. आता रिड्यूस वापरून बेरीज केलीत तर ते रिकाम्या जागा वगळतं आणि १२० देतं, जे बरोबर आहे. पण भागताना लांबी घेतलीत तर १२० भागिले १०, म्हणजे १२ अंश. खरी सरासरी १२० भागिले ४, म्हणजे ३० अंश. एका ठिकाणी भोकं वगळली, दुसऱ्या ठिकाणी मोजली, आणि दोन्ही ठिकाणी भाषा आपल्या नियमाप्रमाणेच वागली.

तिसरी जागा, तीन नावांची एकच यादी. खताच्या तीन मात्रांसाठी तीन रिकाम्या याद्या हव्यात म्हणून न्यू ॲरे(३).फिल([]) असं लिहिलं जातं. दिसायला तीन याद्या दिसतात. प्रत्यक्षात फिलनं एकच रिकामी यादी तिन्ही जागी टांगलेली असते. पहिल्या गटात पुश केलेलं रोपाचं वजन तिन्ही गटांत दिसतं. शेवटी तिन्ही सरासऱ्या शेवटच्या दशांशापर्यंत सारख्या येतात, गटांमधला फरक शून्य निघतो, आणि निष्कर्षात कोणी लिहू शकतं की खताचा परिणाम दिसला नाही. अशा वेळी ॲरे.फ्रॉम वापरून प्रत्येक जागेसाठी नवी यादी तयार करून घ्यायची.

चौथी जागा मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण तिथे चूक तुमच्या बाजूनं बोलते. समजा बाहेर एक ‘सगळ्या’ नावाची यादी आहे, आणि ‘गोळा’ हे फंक्शन फाइलमधल्या २० नोंदी तिच्यात पुश करतं. आलेख काढताना हे फंक्शन एकदा बोलावलं, तक्ता करताना पुन्हा एकदा. आता यादीत ४० नोंदी आहेत, त्याच २० दोनदा. सरासरी बघितलीत तर काहीच कळणार नाही, कारण ती तीच राहते. विखुरणंही जवळजवळ तेच. पण स्टँडर्ड एरर काढताना आपण नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळानं भागतो, त्यामुळे ती सुमारे १.४३ पटीनं लहान होते.

हे आकड्यांत बघा. खऱ्या २० नोंदींवर टी ची किंमत १.६ येत होती. दोन्ही बाजूंच्या चाचणीत ५ टक्के पातळीसाठी तिथे सुमारे २.०९ लागते, म्हणजे परिणाम सिग्निफिकंट नाही. नोंदी दुप्पट झाल्यावर तीच किंमत सुमारे २.२९ होते, आणि ४० नोंदींना लागते फक्त २.०२. परिणाम सिग्निफिकंट झाला! एकही नवं माप न घेता, एकही आकडा न बदलता. सरासरी चुकली असती तर तुम्ही पुन्हा तपासलं असतं. हवा तो निकाल आला की कोण तपासतं?

‘नेहमी नवी प्रतच काढा’ हा अर्धा नियम

या सगळ्यावर एक उपाय हल्ली ठासून सांगितला जातो: मूळ ॲरे कधीही बदलू नका, पुश विसरा, प्रत्येक वेळी स्प्रेड वापरून नवा ॲरे बनवा. हा आग्रह मुख्यतः रिॲक्टच्या जगातून आला आहे, आणि तिथे त्याला चोख कारण आहे. स्क्रीन पुन्हा रंगवायची की नाही हे रिॲक्ट ठरवतं ते आधीचा आणि आताचा ॲरे हा तोच आहे का, हे बघून. पुश केल्यावर ॲरे तोच राहतो, त्यामुळे बदल रिॲक्टच्या लक्षात येत नाही.

पण तिथला नियम उचलून डेटा गोळा करणाऱ्या लूपमध्ये आणला की हिशेब बिघडतो. सगळ्या = [...सगळ्या, नोंद] ही ओळ प्रत्येक फेरीत आधीच्या सगळ्या नोंदी नव्यानं उतरवून काढते. वहीत एक ओळ वाढवायची म्हणून दर वेळी नवी वही आणून मागची सगळी पानं नकलून काढण्यासारखं हे आहे. १०० नोंदींसाठी अशा ४,९५० नकला होतात, ते जाणवतही नाही. १,००,००० नोंदींसाठी ४,९९,९९,५०,००० होतात, म्हणजे जवळजवळ ५०० कोटी. सॅम्पल डेटावर झटकन चालणारी स्क्रिप्ट खऱ्या डेटावर बसून राहते, ती अशी.

पुशचं असं होत नाही. उदाहरणार्थ क्रोममधलं व्ही८ इंजिन जागा संपली की एकदम जास्तीची जागा घेऊन ठेवतं: साधारण जुन्या जागेच्या दीडपट आणि वर १६. त्यामुळे बहुतेक पुश आधीच घेतलेल्या जागेत बसतात आणि सगळं उचलून दुसरीकडे नेण्याची वेळ क्वचित येते. पुशचीही एक मर्यादा लक्षात ठेवा. सगळ्या.पुश(...मोठी) असं लिहून काही लाखांची यादी एकदम ओतायला गेलात तर प्रत्येक घटक फंक्शनचा वेगळा आर्ग्युमेंट बनतो आणि स्टॅक भरल्याची एरर येऊ शकते. तिथे कॉन्कॅट किंवा साधा लूप बरा.

‘नेहमी प्रत’ या नियमात आणखी एक पोकळी आहे. स्प्रेडनं काढलेली प्रत वरवरची असते. बाहेरची यादी नवी, पण आतल्या जोड्या किंवा ऑब्जेक्ट तेच. प्रतीतल्या एखाद्या नोंदीचं तापमान बदललंत तर मूळ यादीतल्या नोंदीतही ते बदललेलं दिसेल. खोलवर प्रत हवी असेल तर स्ट्रक्चर्डक्लोन हे फंक्शन आहे. पण ‘स्प्रेड वापरलं, आता मूळ डेटा सुरक्षित’ हा विश्वास मात्र खोटा आहे.

पायथॉनवाल्यांनी हसू नये, हा पेच त्यांच्याकडेही होता. पायथॉनच्या साध्या लिस्टचं अपेंड जागच्या जागी भर घालतं. पांडासमध्ये डेटाफ्रेमलाही अपेंड होतं, पण ते दर वेळी पूर्ण नवी डेटाफ्रेम बनवून परत देत असे. नाव एक, वागणं उलट, आणि लूपमध्ये वापरलं की वर सांगितलेलाच नकलांचा डोंगर. पांडासनं १.४ या आवृत्तीत ते वापरू नका असं सांगितलं आणि २०२३ मध्ये आलेल्या २.० मध्ये काढूनच टाकलं. त्यांना ते जमलं. वेबवरची जुनी पानं सांभाळणाऱ्या जावास्क्रिप्टला जमणार नाही.

भाषा सुधारते आहे, हे नाकारायचं कारण नाही. २०२३ च्या प्रमाण आवृत्तीत टूसॉर्टेड, टूरिव्हर्स्ड आणि टूस्प्लाइस्ड या मेथड आल्या. सॉर्ट मूळ ॲरे बदलतं, टूसॉर्टेड नवा देतं. निदान या जोड्यांमध्ये तरी नावावरून वागणं कळायला लागलं. पण पुशला असा जोडीदार मिळालेला नाही. टाइपस्क्रिप्ट वापरलं तर नोंदी = नोंदी.पुश(३२) ही चूक लिहितानाच पकडली जाते, आणि यादी रीडओन्ली म्हणून जाहीर केली तर तिच्यावर पुश करूच देत नाही. हा मोठा फायदा आहे. पण एकच फंक्शन दोनदा बोलावून नोंदी दुप्पट झाल्या, हे टाइपस्क्रिप्ट सांगणार नाही. त्याच्या दृष्टीनं २० आकड्यांची यादी आणि ४० आकड्यांची यादी सारखीच.

मग नियम कोणता?

‘नेहमी पुश’ आणि ‘नेहमी प्रत’ हे दोन्ही नियम मेथडकडे बघून केलेले आहेत. मला वाटतं, बघायचं ते यादीच्या मालकीकडे. जी यादी तुमच्या फंक्शननं स्वतः, आतल्या आत तयार केली आहे, तिच्यात बिनधास्त पुश करा. बाहेर कोणाला तिचा पत्ताही नाही, मग बिघडणार कोणाचं? पण जी यादी बाहेरून तुमच्या हातात आली, म्हणजे फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून मिळाली किंवा फाइलच्या वरच्या भागात आधीच उभी होती, तिच्यात भर घालू नका. नवी यादी बनवा आणि ती परत द्या. वरचं ‘गोळा’ फंक्शन याप्रमाणे लिहा: आत एक रिकामी यादी, तिच्यात २० पुश, शेवटी ती परत. आता ते दोनदा बोलवा नाहीतर दहादा, दर वेळी २० नोंदीच मिळतील. आणि पुश वापरल्यामुळे ५०० कोटी नकलाही नाहीत.

प्रयोगशाळेत आपण हे पाळतोच. मूळ वाचनांच्या वहीत नंतर कोणी मनानं आकडे घालत नाही, हिशेब वेगळ्या पानावर होतो. कोडमध्येही तीच शिस्त हवी. मूळ डेटाचा ॲरे वाचून झाला की त्यावर ऑब्जेक्ट.फ्रीझ चालवा. मग कुठेही चुकून त्यावर पुश झालं तर लगेच एरर येईल. इथे कॉन्स्टवर विसंबू नका. कॉन्स्ट एवढंच सांगतं की हे नाव दुसऱ्या वस्तूला देता येणार नाही. आतली यादी वाढवायला त्याची काहीच आडकाठी नसते. आणि फ्रीझही वरवरचंच असतं, आतली ऑब्जेक्ट वेगळी गोठवावी लागतात.

दुसरी सवय, प्रत्येक टप्प्यानंतर लांबी छापून बघा. फाइलमध्ये किती ओळी होत्या, वाचल्यावर किती नोंदी आल्या, गाळल्यावर किती उरल्या, चाचणीत किती गेल्या. चार आकडे एका ओळीत. वरच्या चार जागांपैकी तीन जागा एवढ्यानंच उघड्या पडतात. केंद्र क्रमांकासारखी ओळख ॲरेच्या इंडेक्समध्ये कोंबू नका. त्यासाठी मॅप आहे, किंवा क्रमांक आणि तापमान असं ऑब्जेक्ट करून ते पुश करा. अर्थ इंजिनमध्ये ईई.लिस्टवरच्या प्रत्येक ‘ॲड’च्या डावीकडे बरोबरचं चिन्ह आहे का, तेही बघून घ्या.

आणि सीनियरची स्क्रिप्ट मिळाली की आपण ती तशीच चालवतो, ते जरा थांबवा. स्क्रिप्टमध्ये पुश, अनशिफ्ट, स्प्लाइस आणि ॲड हे चार शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहून काढा: ही यादी कुठे जन्मली, इथे ती बदलते का, आणि ही ओळ दोनदा चालली तर काय होईल. दोनशे ओळींच्या स्क्रिप्टला अर्धा तास लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नोंदी वाढतील’ असं आलं, तर त्या स्क्रिप्टमधून निघालेल्या तक्त्यातली नोंदींची संख्या आधी मूळ फाइलशी ताडून बघा, आणि मगच पी-व्हॅल्यूकडे वळा.